जुनी नेटवर्क कार्डं आणि लिनक्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"लिनक्सवर चालत नाही" म्हणून टाकून दिलेल्या नेटवर्क कार्डांपैकी बरीच कार्डं धडधाकट असतात. गाडी तीनपैकी एका ठिकाणी अडलेली असते: संगणकाला कार्ड दिसत नाही, त्याला योग्य ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) लागलेला नाही, किंवा फर्मवेअरची (कार्डाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमची) फाइल मिळालेली नाही. यातलं नेमकं कुठे अडलंय हे कळलं की निम्मं काम झालं. खालची उत्तरं त्याच क्रमाने वाचलीत तर जास्त उपयोग होईल.

कमांड आणि मॉड्यूल (लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, जोडला जाणारा ड्रायव्हर) यांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमन लहान अक्षरांत टाइप करावीत.

माझं कार्ड लिनक्सवर चालेल का, हे आधी कसं ओळखू?

खोक्यावरचं नाव बाजूला ठेवा आणि चिप शोधा. ड्रायव्हर चिपसाठी लिहिलेला असतो, ब्रँडसाठी नाही. डी-लिंकचं डीएफई-५३०टीएक्स हे कार्ड व्हीआयएच्या ऱ्हाइन चिपवर चालतं आणि त्याला व्हीआयए-ऱ्हाइन ड्रायव्हर लागतो. त्याच नावापुढे अधिकचं चिन्ह असलेलं डीएफई-५३०टीएक्स प्लस मात्र रिअलटेक ८१३९ वर चालतं आणि त्याचा ड्रायव्हर पूर्ण वेगळा. वायफाय कार्डांत तर हा गोंधळ फारच. डीडब्ल्यूएल-जी६५० मध्ये अ‍ॅथेरॉसची चिप, तर जी६५० प्लसमध्ये टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सची. म्हणून "अमुक कंपनीचं कार्ड चालतं का?" या प्रश्नाला नुसतं हो किंवा नाही असं उत्तर देता येत नाही.

पीसीआय कार्डासाठी टर्मिनलमध्ये "एलएसपीसीआय" ही कमांड "एनएन" आणि "के" या पर्यायांसह चालवा. यूएसबी कार्डासाठी "एलएसयूएसबी". कार्डाच्या ओळीच्या शेवटी चौकटी कंसात दोन आकडे विसर्गचिन्हाने जोडलेले दिसतील. पहिला उत्पादकाचा, दुसरा चिपचा. इंटेलचा आकडा ८०८६, रिअलटेकचा १०ईसी, थ्रीकॉमचा १०बी७, ब्रॉडकॉमचा १४ई४, अ‍ॅथेरॉसचा १६८सी. मदत मागताना हीच जोडी द्या. कार्डाचा फोटो, खोक्याचं वर्णन यापेक्षा या आठ अक्षरांवरून जाणकाराला जास्त कळतं.

त्याच्या खालच्या ओळी नीट वाचा. "ड्रायव्हर वापरात आहे" अशा अर्थाची ओळ असेल तर ओळख आणि ड्रायव्हर हे दोन्ही टप्पे पार पडले, अडचण पुढे कुठेतरी आहे. मॉड्यूलचं नाव दिसतंय पण वापरात असल्याची ओळ नाही, तर ड्रायव्हर मशिनवर आहे पण तो चढलेला नाही. दोन्ही ओळी नसतील तर या कर्नलमध्ये त्या चिपसाठी ड्रायव्हर नाही.

एलएसपीसीआयमध्ये कार्ड दिसतच नाही. मेलं का?

लगेच मेलं म्हणू नका. आधी ते कोणत्या प्रकारचं कार्ड आहे ते बघा. आयएसए या पीसीआयच्या आधीच्या स्लॉटमधली कार्डं या यादीत कधीच येत नाहीत. लॅपटॉपची १६-बिट पीसीएमसीआयए कार्डंही येत नाहीत, ती "पीसीकार्डसीटीएल आयडेंट" या कमांडने दिसतात. ३२-बिट कार्डबस कार्ड मात्र एलएसपीसीआयमध्ये दिसतं. या दोघांत फरक ओळखायची सोपी खूण म्हणजे कार्डबस कार्डाच्या जोडणीकडच्या टोकाला बारीक उंचवटे असलेली सोनेरी पट्टी असते. १६-बिट कार्डावर ती नसते.

पीसीआय कार्ड असूनही दिसत नसेल तर मशिन बंद करा, वीजवायर काढा, कार्ड बाहेर काढून त्याचे सोनेरी दात आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये घट्ट बसवा. खोडरबराने घासण्याचा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो, मी तो देणार नाही. त्याने सोन्याचा पातळ मुलामा झिजतो. वर्षानुवर्षं पडून राहिलेली कितीतरी कार्डं नुसत्या पुसण्याने परत दिसू लागतात.

आणखी एक प्रकार होतो. कार्ड दिसतं, पण त्याचा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा ओळखक्रमांक) सगळा शून्य किंवा सगळा एफएफ येतो. मशिनवर विंडोजही असेल आणि तिथून थेट रीस्टार्ट करून लिनक्समध्ये आला असाल, तर विंडोजने कार्ड झोपवून ठेवलेलं असू शकतं. मशिन पूर्ण बंद करून वायर काढा, थोडं थांबा आणि मग थेट लिनक्स सुरू करा. तरीही तेच आलं तर कार्डावरची ईईप्रॉम (सेटिंग साठवणारी छोटी चिप) खराब झाली असण्याची शक्यता आहे.

वायर्ड कार्डांपैकी डोळे झाकून कोणती घ्यावीत?

जवळ पर्याय असेल तर इंटेलचं प्रो/१०० (ड्रायव्हर ई१००) किंवा थ्रीकॉमचं ३सी९०५ (ड्रायव्हर ३सी५९एक्स) घ्या. डिजिटल इक्विपमेंटच्या २११४० आणि २११४३ चिपची कार्डंही चांगली, त्यांचा ड्रायव्हर ट्यूलिप. इंटेलच्या काही चिपसाठी ई१०० एक छोटं फर्मवेअर मागतो. ते इंटरप्ट (कार्ड प्रोसेसरला देतं ते इशारे) एकत्र करून प्रोसेसरचा भार कमी करण्यासाठी असतं, आणि बहुतेक प्रकारांत ते नसलं तरी कार्ड चालतं.

रिअलटेक ८१३९ सगळीकडे सापडतं आणि चालतंही, पण त्याची रचना काटकसरीची आहे. आलेली सगळी पाकिटं (डेटाचे तुकडे) ते एकाच वर्तुळाकार बफरमध्ये टाकतं, आणि तिथून प्रत्येक पाकीट उचलून दुसरीकडे नकलायचं काम प्रोसेसरच्या गळ्यात पडतं. साध्या वापरात फरक जाणवत नाही. पेंटियमच्या काळातल्या मशिनचा राउटर किंवा फाइल सर्व्हर करायचा असेल तर जाणवतो, आणि तिथे इंटेल किंवा थ्रीकॉमच लावावं.

ही सगळी कार्डं आज लावताक्षणी चालतात, यामागे मोठे कष्ट आहेत. सुरुवातीच्या काळातले लिनक्सचे बरेचसे इथरनेट ड्रायव्हर डोनाल्ड बेकर यांनी लिहिले. ते नासात काम करत होते, आणि १९९४ साली साध्या पीसी जोडून जो बेओवुल्फ क्लस्टर उभा राहिला, त्याच्या कामातही ते होते. अशा क्लस्टरला स्वस्त कार्डांवर भरवशाचं नेटवर्क लागतं. त्या गरजेतून झालेल्या कामाचा फायदा आपण आजही घेतोय.

सुरू होताना "ही चिप ८१३९सी प्लस नाही, ८१३९टू वापरा" असा संदेश येतो. काही बिघडलंय का?

नाही. रिअलटेकने एकाच आकड्याखाली दोन पिढ्या विकल्या. दोन्ही ड्रायव्हर कार्डाकडे बघतात, ८१३९सीपी बाजूला होतो आणि ८१३९टू कार्ड ताब्यात घेतो. हा संदेश म्हणजे त्या बाजूला होण्याची नोंद आहे. दुर्लक्ष करा.

ड्रायव्हर चढलाय, पण नेट चालत नाही. आता?

इथे सर्वांत जास्त वेळ जातो, म्हणून सविस्तर सांगतो.

आधी नाव. जुन्या लेखांत सगळीकडे "ईटीएच०" असतं. २०१३ पासून सिस्टमडीने (संगणक सुरू करून सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमने) स्लॉटवरून नावं द्यायला सुरुवात केली, त्यामुळे तुमच्या कार्डाचं नाव "ईएनपी३एस०" असं काहीतरी असेल. जुनी कॉन्फिग फाइल ईटीएच० शोधत बसते आणि कार्ड नुसतं बसून राहतं. "आयपी लिंक" चालवून खरं नाव बघा आणि फाइलमध्ये ते घाला.

मग केबल. "ईथटूल" ला कार्डाचं नाव दिलं की शेवटच्या ओळीत लिंक सापडली की नाही ते कळतं. दोन संगणक थेट जोडले असतील आणि दोन्ही बाजूंना जुनी १०/१०० कार्डं असतील, तर क्रॉसओव्हर केबल लागते. तारांची अदलाबदल आपोआप ओळखण्याची सोय त्या कार्डांत नसते. एका बाजूला गिगाबिट कार्ड किंवा आजचा स्विच असेल तर साधी केबल चालते. जुन्या दोन-जोड्यांच्या केबलवर १०० मेगाबिट व्यवस्थित चालतं, गिगाबिटला मात्र चारही जोड्या हव्यात.

कॉम्बो कार्डांची गोष्ट निराळी. त्यांच्यावर गोल बीएनसी आणि आरजे४५ अशी दोन्ही तोंडं असतात, आणि कोणतं वापरायचं हे कार्डाच्या ईईप्रॉममध्ये लिहिलेलं असतं. पूर्वी ते कोअ‍ॅक्सियल केबलवर चाललं असेल तर अजूनही ते बीएनसीकडेच कान लावून बसलेलं असतं. थ्रीकॉमच्या ३सी५०९ साठी डॉसवर चालणारा सेटिंगचा प्रोग्रॅम असतो. फ्रीडॉसच्या डिस्कवरून तो चालवून तोंड कायमचं बदलून ठेवणं हा पक्का उपाय.

आता दुखणं असं, की पिंग चालतं, छोटी पानं उघडतात, पण मोठी फाइल ओढायला घेतली की वेग पार कोसळतो. इथे डुप्लेक्सची तफावत असण्याची दाट शक्यता आहे. फुल डुप्लेक्समध्ये दोन्ही बाजू एकाच वेळी बोलतात, हाफमध्ये आळीपाळीने. एका बाजूने कुणीतरी "१०० फुल" असं सक्तीने ठरवून ठेवलेलं असतं. सक्ती केली की ती बाजू वाटाघाटी (वेग आणि डुप्लेक्स आपसांत आपोआप ठरवणं) थांबवते. समोरच्या बाजूला वेग तारेवरून ओळखता येतो, डुप्लेक्स ओळखता येत नाही, आणि नियमाप्रमाणे ती हाफ डुप्लेक्स धरते. मग एक बाजू हवं तेव्हा बोलते, दुसरी त्याला टक्कर समजून मागे सरते. "आयपी" कमांडला "एस" पर्याय देऊन लिंकची आकडेवारी बघा. टकरी आणि सीआरसीच्या (बिघडून आलेल्या पाकिटांच्या) चुका वाढत असतील तर निदान पक्कं. उपाय म्हणजे दोन्हीकडे वाटाघाटी चालू करा. एका बाजूला ती शक्यच नसेल तर दोन्हीकडे हाताने तेच मूल्य द्या. जुना हब वापरत असाल तर हाफ डुप्लेक्सच बरोबर आहे, हबला फुल येत नाही.

आणि कर्नलच्या नोंदीत, म्हणजे "डीमेसेज" मध्ये, "ट्रान्समिट टाइम्ड आउट" पुन्हा पुन्हा येत असेल, तर कार्डाचे इंटरप्ट प्रोसेसरपर्यंत पोचत नाहीयेत असं समजा. "प्रॉक" फोल्डरातली "इंटरप्ट्स" ही फाइल दोनदा वाचा आणि कार्डासमोरचा आकडा वाढतोय का बघा. वाढत नसेल तर स्लॉट बदला. तेही जमलं नाही तर बूट करताना कर्नलला "नोएपिक" किंवा "आयआरक्यूपोल" देऊन पाहा.

आयएसए कार्ड चालवता येईल का?

येईल, पण मशिन ३२-बिट हवं आणि कर्नलही त्या बेताचा. एनई२००० च्या नकला सर्वांत जास्त आढळतात, त्यांचा ड्रायव्हर "एनई". आयएसए कार्ड स्वतःची ओळख देत नाही, म्हणून पत्ता तुम्हालाच सांगावा लागतो: "मोडप्रोब एनई आयओ=०एक्स३००". ३०० ने काम झालं नाही तर २८०, ३२० आणि ३४० करून बघा, हे सगळे हेक्साडेसिमल आकडे आहेत. कार्डावर जंपर असतील तर त्यांच्या शेजारी छापलेलं कोष्टक भिंगाने वाचा, अंदाज बांधण्यापेक्षा ते बरं. बायॉसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) कार्डाचा इंटरप्ट जुन्या आयएसएसाठी राखून ठेवायला विसरू नका, नाहीतर पीसीआयचं एखादं कार्ड तो पळवतं. पत्ता सापडला की मोडप्रोबच्या कॉन्फिग फोल्डरात लिहून ठेवा.

पीसीआयवरची एनई२००० ची नक्कल, म्हणजे रिअलटेक ८०२९, असेल तर यातलं काहीच लागत नाही. "एनई२के-पीसीआय" आपोआप चढतो.

फर्मवेअर म्हणजे काय, आणि ड्रायव्हर असताना ते वेगळं कशाला?

बऱ्याच वायफाय कार्डांत स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो. त्यावर चालणारा प्रोग्रॅम म्हणजे फर्मवेअर. काही कंपन्यांनी तो कार्डावरच साठवला, काहींनी खर्च वाचवण्यासाठी तो दर वेळी संगणकाकडून चढवायचं ठरवलं. दुसऱ्या प्रकारात ती फाइल मशिनवर नसेल तर ड्रायव्हर कितीही चांगला असला तरी कार्ड जागं होत नाही. ड्रायव्हर मुक्त, पण ही फाइल कंपनीच्या मालकीची, असा हा प्रकार असल्यामुळे अनेक वितरणं (डेबियन, उबुंटूसारखे लिनक्सचे तयार संच) ती सोबत देत नसत. डेबियनने २०२२ मध्ये मतदान घेऊन धोरण बदललं, आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून अधिकृत इन्स्टॉलरमध्येच अशी फर्मवेअर येतात. त्यामुळे जुन्या लेखांतला निम्मा खटाटोप आता करावा लागत नाही.

ब्रॉडकॉमची कार्डं मात्र अजूनही स्वतंत्र प्रकरण आहेत. समजा लॅपटॉपमध्ये बीसीएम४३१८ आहे. एलएसपीसीआयमध्ये १४ई४:४३१८ दिसतं, बी४३ ड्रायव्हर वापरात आहे, पण एकही नेटवर्क दिसत नाही. डीमेसेज वाचला की ओळ सापडते: बी४३ फोल्डरातली यूकोड५ ही फाइल मिळाली नाही. ब्रॉडकॉमने ही फाइल मोकळेपणाने वाटायची परवानगी दिलेली नाही. म्हणून डेबियन आणि उबुंटूमध्ये "फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर" हे पॅकेज असतं. ते कंपनीचा जुना ड्रायव्हर उतरवतं, "बी४३-एफडब्ल्यूकटर" ने त्यातून हवा तो भाग कापून काढतं आणि "लिब" मधल्या फर्मवेअर फोल्डरात ठेवतं. मग बी४३ मॉड्यूल काढून पुन्हा चढवलं की कार्ड बोलू लागतं. फार जुन्या ४३०१ सारख्या चिपना बी४३लेगसी लागतो आणि त्याचं फर्मवेअरही वेगळं.

हे करूनही बी४३ चढतच नसेल तर मोडप्रोबच्या कॉन्फिग फोल्डरात डोकावा. कुणीतरी पूर्वी ब्रॉडकॉमचा बंदिस्त "डब्ल्यूएल" ड्रायव्हर टाकला असेल, तर त्याने बी४३ आणि त्याला लागणारं एसएसबी यांना काळ्या यादीत टाकणारी फाइल मागे ठेवलेली असते. डब्ल्यूएलला ४३०६ आणि ४३१८ चालवताही येत नाहीत, म्हणजे स्वतःही चालवायचं नाही आणि दुसऱ्यालाही चालवू द्यायचं नाही अशी अवस्था. ती फाइल काढा.

फर्मवेअर उतरवायला नेट हवं, आणि नेटसाठी फर्मवेअर हवं. काय करू?

फोन यूएसबीने जोडा आणि त्यात यूएसबी टेदरिंग चालू करा. अँड्रॉइड फोन लिनक्सला साधं यूएसबी नेटवर्क कार्ड म्हणून दिसतो, त्याचे ड्रायव्हर कर्नलमध्ये आधीपासून असतात. बहुतेक वेळा काहीही न करता जोडणी मिळते. ते शक्य नसेल तर दुसऱ्या संगणकावर पॅकेज उतरवून पेनड्राइव्हने आणा. बी४३च्या बाबतीत नुसतं पॅकेज आणून भागत नाही हे लक्षात ठेवा, कारण ते बसवताना पुन्हा नेट मागतं. तिथे कापून तयार झालेला बी४३ फोल्डरच दुसऱ्या लिनक्स मशिनवरून नकलून आणावा.

पूर्णपणे मुक्त प्रणाली वापरायची आहे. बंदिस्त फर्मवेअर नको. कोणतं वायफाय कार्ड?

अ‍ॅथेरॉस. जुन्या ए/बी/जी कार्डांसाठी एटीएच५के आणि ८०२.११एनच्या पीसीआय कार्डांसाठी एटीएच९के, दोन्हींना कोणतीच फर्मवेअर फाइल लागत नाही. यूएसबी हवं असेल तर एआर९२७१ चिप शोधा. तिला फर्मवेअर लागतं, पण त्याचा सोर्स कोड खुला आहे. ट्रिस्क्वेलसारख्या वितरणांत लिनक्स-लिब्रे (बंदिस्त भाग काढून टाकलेला) कर्नल असतो आणि त्यावर ही कार्डं विनातक्रार चालतात. रालिंकचं आरटी२५०० हेही फर्मवेअर न मागणारं कार्ड आहे. त्याच घराण्यातली आरटी६१ आणि आरटी७३ मात्र मागतात.

ब्रॉडकॉमची ४३०६ किंवा ४३१८ हातात असेल तर ओपनएफडब्ल्यूडब्ल्यूएफ हे इटलीतल्या ब्रेशिया विद्यापीठात तयार झालेलं मुक्त फर्मवेअर आहे. ते वापरताना बी४३ला हार्डवेअर एन्क्रिप्शन आणि क्यूओएस (महत्त्वाच्या डेटाला प्राधान्य देण्याची सोय) बंद ठेवायला सांगावं लागतं. बंदिस्त चिपसाठी बाहेरच्या लोकांनी फर्मवेअर लिहून दाखवावं, याचं मला आजही फार कौतुक वाटतं.

एनडिसरॅपर वापरू का?

नको. विंडोज एक्सपीचा ड्रायव्हर लिनक्समध्ये चढवण्याची ही युक्ती एकेकाळी कामाची होती, कारण कित्येक चिपसाठी दुसरा मार्गच नव्हता. आज त्यातल्या बहुतेक चिपना कर्नलचा स्वतःचा ड्रायव्हर आहे. एनडिसरॅपरमुळे परका, बंद कोड कर्नलमध्ये पूर्ण अधिकाराने चालतो. तो कोसळला तर कुणालाही दुरुस्त करता येत नाही.

नेटवर्कची यादी दिसते, पण जोडणी होत नाही.

कार्ड ठीक आहे, राउटरशी सूर जुळत नाहीये. राउटर फक्त डब्ल्यूपीए३ या सुरक्षा पद्धतीवर असेल तर जुनं कार्ड बहुधा आत शिरूच शकणार नाही. राउटरमध्ये डब्ल्यूपीए२ आणि ३ असा मिश्र पर्याय निवडा. ८०२.११बी हे १९९९ चं मानक, डब्ल्यूपीए२ आलं २००४ मध्ये. त्यामुळे पहिल्या पिढीच्या काही कार्डांना डब्ल्यूईपी या त्याआधीच्या सुरक्षा पद्धतीपलीकडे काही येत नाही. त्यांच्यासाठी राउटरची सुरक्षा खाली आणू नका. डब्ल्यूईपी काही मिनिटांत फुटतं आणि एका कार्डापायी घरातली सगळी उपकरणं उघडी पडतात. डब्ल्यूपीए सप्लिकंटनेही (लिनक्सवर वायफायची जोडणी करणाऱ्या प्रोग्रॅमनेही) २.१० आवृत्तीपासून डब्ल्यूईपी मुळातच बंद ठेवलं आहे. ते कार्ड सरळ बदला.

बी किंवा जी कार्डाला ५ गिगाहर्ट्झवरचं नेटवर्क दिसतही नाही, हेही तपासा. आयपीडब्ल्यू२२०० सारखे जुने ड्रायव्हर अजून वायरलेस एक्स्टेन्शन्स या जुन्या पद्धतीने बोलतात. सप्लिकंट हाताने चालवत असाल तर त्याला "डी" पर्यायात "डब्ल्यूएक्स्ट" सांगा.

यादीच रिकामी असेल तर "आरएफकिल लिस्ट" चालवा. सॉफ्ट ब्लॉक कमांडने निघतो. हार्ड ब्लॉक म्हणजे लॅपटॉपच्या कडेला असलेलं वायफायचं बटण, ते हातानेच सरकवावं लागतं.

जुन्या मशिनमध्ये गिगाबिट कार्ड घातलं, तरी पूर्ण वेग नाही.

मिळणारही नाही. साध्या ३२-बिट, ३३ मेगाहर्ट्झ पीसीआयची कमाल क्षमता सेकंदाला १३३ मेगाबाइट, तीही त्या बसवरच्या सगळ्या कार्डांत मिळून. गिगाबिटला एका दिशेलाच १२५ लागतात. तरीही १०० मेगाबिटच्या कार्डापेक्षा ते बरंच पुढे जातं, म्हणून घालायला हरकत नाही.

पूर्वी चालणारं कार्ड कर्नल नवा केल्यावर बंद पडलं. का?

दोन कारणं असू शकतात. वितरणाने तो ड्रायव्हर आपल्या कर्नलमधून वगळला असेल, किंवा मूळ कर्नलमधूनच तो काढला गेला असेल. टोकन रिंग या जुन्या नेटवर्क पद्धतीचे ड्रायव्हर २०१२ मध्ये ३.५ आवृत्तीत गेले. त्यानंतर आयएसए, पीसीएमसीआयए आणि जुन्या वायफायचे ड्रायव्हर अधूनमधून जात आहेत. शिवाय २०२५ च्या डेबियन १३ मध्ये ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल देणं थांबलं.

तातडीचा उपाय म्हणजे दीर्घकाळ सांभाळला जाणारा जुना कर्नल वापरणं. नेटबीएसडी ही दुसरी मुक्त प्रणालीसुद्धा करून बघण्यासारखी आहे, जुनं हार्डवेअर तिथे अजून जिव्हाळ्याने सांभाळतात. तिथे ड्रायव्हरची नावं वेगळी असतात: इंटेल प्रो/१०० साठी एफएक्सपी, थ्रीकॉम ३सी९०५ साठी ईएक्स.

ड्रायव्हर काढायचा प्रस्ताव कर्नलच्या नेटवर्क विभागात आधी उघडपणे मांडला जातो. त्यामागचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: हे हार्डवेअर कुणी वापरतंय याचा पुरावा नाही आणि बदल तपासून बघायला कुणाकडे कार्ड नाही. तुमच्याकडे ते कार्ड चालू स्थितीत असेल तर तेवढं कळवा. सोबत चिपचा आकडा, कर्नलची आवृत्ती, एलएसपीसीआय आणि डीमेसेजमधल्या संबंधित ओळी द्या, आणि पॅच तपासून द्यायची तयारी असेल तर तसं स्पष्ट लिहा. त्यासाठी प्रोग्रॅमिंग यायची गरज नाही.